हिस्सा म्हणजे तुकडा नव्हे

चाळिसावा होतो, पाहुणे परततात. मग एक दिवस भाईजान दोन्ही बहिणींना घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातात. गाव इंदापूर तालुक्यातलं असो की बारामती तालुक्यातलं, कागद एकच असतो : हक्कसोड पत्र. "आपा, तुझा हक्क कोण नाकारतंय? पण सहा एकरांचे किती तुकडे करायचे?" आपा सही करते. ईदला साडी येते, माहेरचं दार उघडं राहतं आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कधीच लागत नाही.

हल्ली हा युक्तिवाद आपली शिकलेली मुलंही करतात, आणि तोही अर्थशास्त्राच्या आधाराने. वारसा कायद्यामुळे जमिनीचं विखंडन होतं, हे वाक्य त्यांनी परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. जोडीला मोठं नावही मिळतं. तिमूर कुरान यांनी २०११ च्या 'द लाँग डायव्हर्जन्स' या पुस्तकात मांडलं की, इस्लामी वारसा कायद्याने मध्यपूर्वेतल्या व्यापाऱ्यांचं भांडवल दर पिढीला विखुरलं, म्हणून तिथे मोठे, टिकाऊ उद्योग उभे राहिले नाहीत. हा अभ्यास गंभीर आहे, त्यावर वाद घालायला हवा. पण आपल्या गावात अशा अभ्यासाचा उपयोग एकच होतो : आपाला गप्प बसवायचं. म्हणून सरळ विचारू या, 'तुकडे' म्हणजे नेमकं काय?

माझं म्हणणं असं की ही व्याख्याच ढिली आहे. एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. पहिली हिस्सा, म्हणजे मालकीतला वाटा. दुसरी वाटप, म्हणजे मोजणी करून बांध घालणं. तिसरी वहिवाट, म्हणजे प्रत्यक्ष कसणं. वारसा कायदा फक्त पहिल्या गोष्टीबद्दल बोलतो. बाप गेला की वारसांचे हिस्से ठरतात. बांध घालायचा की नाही, नांगर कोणी धरायचा, हे घरातल्या माणसांनी ठरवायचं असतं.

पुरावा म्हणून आकडा दाखवतात कृषी गणनेचा. महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आलं. पण ही गणना धारणक्षेत्र मोजते ते वहिवाटीवरून, मालकी कोणाचीही असो. वहिवाटीचा आकडा घेऊन मालकीच्या कायद्याला दोषी ठरवणं हा कुठला हिशोब?

आणि मुलींच्या हिश्श्यामुळेच जमीन लहान झाली म्हणता? मग हॅरल्ड मान यांचं १९१७ चं पुस्तक पाहा. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास केला. तिथली सरासरी जमीन १७७१ मध्ये ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली. गाव बहुसंख्य हिंदू. भाऊ असताना बहिणीला शेतजमिनीत वाटा देणारा कायदा त्या समाजाला तेव्हा नव्हता. हे तुकडे कोणी पाडले? भावाभावांनी. माणसं वाढली, शेतीबाहेर काम वाढलं नाही, म्हणून पडले. आजही दोन भाऊ वेगळे झाले की मध्ये बांध पडतोच. त्या बांधाला कोणी तुकडा म्हणत नाही.

आता आपल्या घरचा हिशोब करू. सहा एकर म्हणजे २४० गुंठे. मागे अम्मी, दोन भाऊ, दोन बहिणी. कर्ज आणि वसियत वजा जाता अम्मीचा आठवा हिस्सा, ३० गुंठे. उरलेल्यात भावांचे ७०-७० आणि बहिणींचे ३५-३५. भावाच्या निम्माच का, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण इथे तर तो निम्माही बुडवला जातोय. दोघींचे ७० गुंठे भावांच्या नावावर चढतात आणि त्याला शेती वाचवणं म्हणतात.

मालकी वाटली की उद्योग मोडतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी गळीत हंगामात घराबाहेर पडून पाहावं. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती : हे कारखाने हजारो सभासदांच्या शेअरवर उभे आहेत. मालक हजारो, गव्हाण एकच. सभासद वारला म्हणून कोणी मिलचा रोलर कापून वारसांना वाटत नाही. मालकी वाटूनही काम एकत्र ठेवता येतं, हे निरा डाव्या कालव्याकाठच्या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नाही. मग आपाच्या ३५ गुंठ्यांतला ऊस भाईजानने कसावा, आणि खर्च वजा करून तिच्या वाट्याचं बिल तिच्या खात्यावर टाकावं. यात बांध कुठे आला?

कायदाही हेच सांगतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात तरतूद आहे की, तुकडा पाडल्याशिवाय एखाद्या हिस्सेदाराला जमीन देता येत नसेल, तर कोर्टाने किंवा कलेक्टरने केलेल्या वाटपात त्याला पैशात मोबदला द्यायचा. कायदा तुकडा नाकारतो, हिस्सा नाही. दुसरी पळवाट १९३७ च्या शरीयत अ‍ॅक्टची. त्यात शेतजमिनीचे प्रश्न वगळले आहेत, कारण १९३५ च्या कायद्याने शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती. मद्रासने १९४९ मध्ये दुरुस्ती करून ती उणीव भरून काढली. पण मुलीला शेतात हिस्सा नाही, असं तो अ‍ॅक्ट कुठेही म्हणत नाही.

या युक्तिवादाची खरी कसोटी लागते ती जमिनीचा पैसा होतो तेव्हा. पालखी मार्गासाठी आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या जमिनी गेल्या. मोबदल्याच्या रकमेला बांध घालावा लागत नाही, विहिरीचा वाद नसतो, ट्रॅक्टर वळायला जागा लागत नाही. तुकड्यांची काळजी खरी असेल, तर निदान तो पैसा तरी हिश्श्याप्रमाणे बहिणींपर्यंत पोचला पाहिजे. तुमच्या घरात पोचला का?

बिना अगरवाल यांनी १९९४ च्या 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या ग्रंथात दाखवलं आहे की, दक्षिण आशियात बहिणी हक्क सोडतात त्यामागे माहेर तुटण्याची भीती असते. विखंडनाच्या कोणत्याही तक्त्यात ही भीती मोजलेली नसते.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी 'तुकडे' हा शब्द तोंडात येईल तेव्हा थांबा. आधी घरचा सातबारा काढा आणि त्यावर अम्मीचं, बहिणींचं नाव आहे का ते वाचा. नसेल, तर वारस नोंदीचा अर्ज तुम्ही लिहा, आपाला लिहायला लावू नका. आणि मैत्रिणींनो, साडी जरूर घ्या. सही मात्र कागद पूर्ण वाचल्याशिवाय करू नका.