एकच डोंगर, सहा ऋतु

सुट्टी लागली कीं कोठें जावयाचें, हा प्रश्न प्रत्येक घरांत निघतो. आणि त्याचें उत्तर बहुधा एखाद्या दूरच्या, खर्चाच्या व गजबजलेल्या ठिकाणाच्या नांवानें दिलें जातें. आमच्या घराच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशीं सिंहगड दिसतो. तरीहि आमच्याच इमारतींत अशीं कित्येक मुलें आहेत कीं, ज्यांनीं हिमालय पाहिला आहे, परंतु गडाच्या पाउलवाटेवर पाय ठेविलेला नाहीं. जीं गडावर गेलीं आहेत, तीं मोटारींतून वर जाऊन, भजीं खाऊन, छायाचित्रें काढून दोन तासांत परत आलेलीं. त्यांस दोष देण्यासाठीं मीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, प्रत्येक कुटुंबानें आपल्या गांवाजवळचा एक डोंगर निवडावा, त्यावर आप्तमित्रांसह पायीं जावें, आणि वर्षांतून एकदां नव्हे, तर प्रत्येक ऋतूंत जावें. वर्षाकाठीं सहा डोंगर पाहण्यापेक्षां एक डोंगर सहा वेळां पाहणें अधिक शिक्षणाचें आहे, असें माझें मत आहे. तें कसें बनलें, हें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावें, असा या लेखाचा हेतु आहे.

आमचा डोंगर म्हणजे सिंहगड. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारें ३० किलोमीटरांवर असलेला हा गड समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच आहे. १६७० सालच्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे यांनीं येथें देह ठेविला, हें महाराष्ट्रांतील लहान मुलासहि ठाऊक आहे. आतकरवाडीहून निघालेली पाउलवाट धडधाकट माणसास दीड तासांत माथ्यावर नेते. गेलीं कित्येक वर्षें आम्ही घरचीं माणसें व दोन-तीन स्नेही कुटुंबें प्रत्येक ऋतूंत निदान एकदां तरी ही वाट चढतों.

पावसाळ्यांतील गड सर्वांस ठाऊक असतो. कड्यांवरून पाण्याच्या धारा सुटलेल्या असतात, ढग वाटेवर उतरतात, आणि दहा पावलांपुढें चालणाऱ्या सोबत्याची केवळ हांक ऐकूं येते. श्रावणांत तेरड्याच्या गुलाबी फुलांनीं उतार भरून जातात. भाद्रपदाच्या सुमारास सोनकी फुलते व सह्याद्रीचे माथे पिवळे होतात. बहुतेक लोकांचा डोंगर येथेंच संपतो. परंतु शरदांत आकाश निवळलें म्हणजे गडावरून तोरणा व राजगड इतके जवळ दिसतात कीं, भूगोलाच्या पुस्तकांतील नकाशा कोणीं जमिनीवर पसरून ठेविला आहे, असें मुलांस वाटतें. हेमंतांतल्या पहांटे गवत सोनेरी झालेलें असतें व खडकवासल्याच्या जलाशयावर धुकें तरंगत असतें. शिशिरांत तेंच गवत वाळून कोळ होतें, आणि एखाद्या बेफिकीर माणसाच्या विडीनें वणवा लागला तर डोंगराची अख्खी बाजू काळी पडते. मग वसंत येतो. पान नसलेल्या पांगाऱ्यावर व काटेसावरीवर लाल फुलें दिसूं लागतात. आणि शेवटीं वैशाखांत करवंदांच्या जाळ्या काळ्या फळांनीं भरतात.

हें सर्व वर्णन सुखाचें आहे. परंतु माझें मत बनलें तें यामुळें नव्हे. तीन वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही गड चढत होतों. ऊन सकाळीं नऊ वाजतांच तापलें होतें. वाटेंत एक प्रौढ बाई डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेऊन चढत होती. माझ्या मुलीनें तिला विचारलें, “मावशी, इतक्या उन्हांत तुम्ही रोज येतां?” ती थांबली, पदरानें घाम पुसला व म्हणाली, “पावसांत समदी येत्यात, पोरी. उन्हाळ्यांत डोंगर कसा ऱ्हातो, ते बघाया कोन येतंय?” मग तिनें सांगितलें कीं, तिच्या माहेरच्या वाडींत श्रावणांत घराच्या भिंतींतून पाणी झिरपतें, आणि चैत्र लागला कीं हंडाभर पाण्यासाठीं अर्धा डोंगर उतरावा लागतो. मुलगी कांहीं बोलली नाहीं. परंतु त्या दिवशीं उरलेली वाट तिनें आपल्या बाटलींतील पाणी एकेक घोट करून प्यालें, आणि घरीं आल्यावर मला विचारलें, “एवढा पाऊस पडतो, मग तें पाणी जातें कोठें?”

या एका प्रश्नांत किती विषय सामावलेले आहेत पाहा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून निघालेल्या लाव्हारसाचे थरावर थर सांचून आपला हा काळा पाषाण झाला. असला कठीण खडक पाणी फारसें मुरूं देत नाहीं. उतार उभे असल्यामुळें तें वाहून जातें. आणि जेथें झाडी तुटली आहे तेथें तें मातीहि बरोबर नेतें. घाटमाथ्यावर धो धो पडणारा पाऊस पूर्वेकडे झपाट्यानें कमी होत जातो. महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु जेमतेम वीस किलोमीटरांवरील पांचगणीस त्याच्या निम्म्याहूनहि कमी. टेमघर, वरसगांव, पानशेत व खडकवासला हीं चार धरणें याच डोंगरांतलें पाणी अडवितात, आणि तेंच पुण्यांतल्या नळाला येतें. म्हणजे डोंगरांतल्या बाईच्या हंड्याचा व आपल्या घरांतल्या नळाचा उगम एकच आहे. हें पुस्तकांत वाचून मुलें परीक्षेंत लिहितात व विसरतात. श्रावणांतला धबधबा व वैशाखांतली त्याचीच कोरडी घळ ज्यानें आपल्या डोळ्यांनीं पाहिली, तो तें विसरणें कठीण.

इतिहासाचेंहि तसेंच. गडावरचें देवटाकें पावसाळ्यांत पाहिलें तर तें एक साधें डबकें वाटतें. वैशाखांत त्याच्या कांठीं बसलें म्हणजे त्याची किंमत कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत गड बांधण्यापूर्वीं तेथें पाणी आहे कीं नाहीं हें पाहावें, नसल्यास खडक फोडून टाकीं बांधावीं, व एकाच झऱ्यावर विसंबून राहूं नये, असा उपदेश आहे. लढाईच्या कथा ऐकून अंगावर कांटा येतो, हें खरें. पण बाराहि महिने गडावर माणसें जगविण्याची ही दूरदृष्टि उन्हाळ्यांत गड चढल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या १२ किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड यांची गणना झाली. मान मिळाला ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्या यादींत नसलेला आपल्या गांवामागचा डोंगर आपल्या दृष्टीनें कमी मोलाचा ठरूं नये.

आतां सोबतीविषयीं. डोंगरावर एकट्यानें जाऊं नये हें सर्वच सांगतात. पण कोणाबरोबर व कसें जावें, याचा विचार थोडे करतात. मी नववींत असतांना आम्ही सात मित्र भाद्रपदांत गुंजवण्याकडून राजगड चढत होतों. त्यांतला एक अंगानें स्थूल होता व वारंवार थांबत होता. आम्हांस माथ्यावर कोण आधीं पोंचतो याची ईर्ष्या लागली होती. “तूं ये हळूहळू,” असें म्हणून आम्ही पुढें गेलों. अर्ध्या तासांत धुकें उतरलें. वर पोंचून वाट पाहिली; तो येईना. खालीं उतरून हांका मारल्या, उत्तर येईना. दोन तासांनीं तो सांपडला. वाट चुकून तो एका घळीच्या तोंडाशीं जाऊन बसला होता, आणि एक गुराखी मुलगा आपली इरली त्याच्या डोक्यावर धरून त्याच्या शेजारीं उभा होता. त्याला इजा झाली नव्हती. तो आमच्यावर रागावलाहि नाहीं. पण त्यानंतर तो आमच्याबरोबर कधीं डोंगरावर आला नाहीं, आणि शाळा सुटल्यावर आमची मैत्रीहि सुटली. ज्या गुराख्यास त्याचें नांवहि ठाऊक नव्हतें, तो त्याच्यापाशीं थांबला, आणि आम्ही मित्र म्हणविणारे थांबलों नाहीं, ही गोष्ट मला आज इतक्या वर्षांनींहि बोंचते.

म्हणून आमच्या मंडळींत एकच नियम आहे: जो सर्वांत हळू चालतो, त्यानें सर्वांत पुढें चालावें. माझी आई आतां पंचाहत्तरीच्या घरांत आहे. पूर्वीं ती माथ्यापर्यंत येई. आतां अर्ध्या वाटेवरील एका झाडाखालीं थांबते. ती जेथें थांबते तेथेंच आम्ही शिदोरी सोडतों. ज्यांस वर जावयाचें आहे ते नंतर जातात. कोणी तरी एक जण तिच्यापाशीं बसतो, आणि ही पाळी मुलें आपण होऊन मागून घेतात, कारण आजीच्या गोष्टी तेथें घरच्यापेक्षां अधिक रंगतात. माथा गांठला नाहीं तर दिवस फुकट गेला, असें आमच्यांतल्या कोणासहि आतां वाटत नाहीं.

पालकांचे आक्षेप मला ठाऊक आहेत; मीहि पालकच आहें. पहिला आक्षेप अभ्यासाचा. वर्षांतले सहा दिवस, तेहि सुट्टीचे, एवढ्यानें ज्याचा अभ्यास बुडेल त्याचा अभ्यास अन्य कारणानें बुडालेला असला पाहिजे. दुसरा आक्षेप खर्चाचा. बसचें भाडें, भाकरी, चटणी, कांदा व पाणी, याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

तिसरा आक्षेप धोक्याचा. तो मात्र खरा आहे व त्यास हंसून उडवितां येत नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला व दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी अशीच दरडीखालीं सांपडली. सुट्टीच्या दिवशीं गडावर जाणारे लोक त्याच वाडींतून जात असत. पाऊस ही आपली करमणूक असेल. डोंगरांत राहणाऱ्यांच्या तो जिवाशीं खेळतो, हें ध्यानांत ठेवूनच पावसांत तेथें पाऊल टाकावें. मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशीं घरीं राहावें. वाहत्या ओढ्यांत उतरूं नये. कड्याच्या कांठीं उभें राहून छायाचित्र काढूं नये. कपारींत आग्या मोहोळ असतें. तेथें धूर, आरडाओरड व उग्र अत्तर टाळावें. उन्हाळ्यांत पहांटेस निघून ऊन चढण्यापूर्वीं उतरावें. थंडींत सूर्यास्तापूर्वीं पायथा गांठावा. आणि मला असें वाटतें कीं, जो एकच डोंगर सर्व ऋतूंत पाहतो, त्यास हा धोका इतरांहून लवकर कळतो. कोणता दगड पावसांत निसरडा होतो, कोणत्या ओढ्यास अचानक पाणी येतें, हें त्याच्या पायांस ठाऊक होतें. अपघात बहुधा त्यांचे होतात, जे वर्षांतून एकदांच, गर्दीच्या दिवशीं, अनोळखी डोंगरावर जातात.

विद्यार्थी मित्रहो, हें वाचून तुमच्यापैकीं चार-पांच जणांनीं जरी आपापल्या घरीं हा विषय काढला, तरी माझें काम झालें. प्रत्येकाच्या घराजवळ सिंहगड नसेल. पण टेकडी बहुतेकांच्या जवळ असते. आजी-आजोबांस विचारा, शेजारच्या मित्रास बोलवा, वर्गांत जो खेळांत मागें राहतो त्याला मुद्दाम बरोबर घ्या. एक वही ठेवा. त्यांत प्रत्येक खेपेस तारीख, पाहिलेलीं फुलें, ऐकलेले पक्षी, कोणत्या टाक्यांत किती पाणी होतें, आणि वाटेंत भेटलेलें माणूस काय म्हणालें, एवढें लिहा. मोबाईलमधील शेंकडों छायाचित्रें पुढच्या वर्षीं कोणी उघडून पाहणार नाहीं. ही वही तुम्ही जपून ठेवाल.

पहिली खेप मात्र पावसाळ्यांत करूं नका. ती वैशाखांत करा. डोंगर उघडा, तापलेला, तहानलेला असेल तेव्हां त्याची ओळख करून घ्या. मग पहिला पाऊस पडेल त्या रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या तुम्हांस त्या वाडीची व तिच्या रिकाम्या हंड्यांची आठवण होईल, आणि तो पाऊस तुम्हांस पूर्वींपेक्षां निराळा वाटेल. आमच्या घरीं तो तसा वाटूं लागला आहे.