वाळूतली गाडी कोणती घ्यावी?

मैत्रिणींनो, गाडीची निवड हा काही आपल्या पानावरचा विषय नव्हे, असं तुमच्यापैकी काहीजणी म्हणतील. कुकर तीन लिटरचा घ्यावा की पाच लिटरचा, मिक्सरला भांडी किती असावीत, इथवर आपलं राज्य. गाडी म्हटली की ती पुरुषमंडळींनी पाहायची, आणि आपण फार तर रंग सांगायचा! मीही गेल्या उन्हाळ्यापर्यंत असंच समजत होते. पण एका संध्याकाळी वाळूत रुतून बसले आणि माझं मत बदललं. म्हणून आज हा विषय.

आमच्या ह्यांची बदली दोन वर्षांपूर्वी नाशिकहून जैसलमेरला झाली. पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम. घर मिळालं ते गावापासून चोवीस किलोमीटरवर. ह्यांना न्यायला-आणायला कंपनीची गाडी येते. घरची छोटी मोटार मीच चालवते. आठवड्यातून चार दिवस शाळेत शिकवायला जायचं, येताना भाजी आणायची, महिन्यातून एकदा सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं.

रस्ता तसा डांबरी आहे. पण मे-जूनमध्ये वारा सुटला की वाळू रस्ता ओलांडून पलीकडे जाते, आणि जाताना थोडी रस्त्यावरच मुक्काम करते. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना समोरून ट्रक आला. त्याला वाट द्यायला मी गाडी कडेला घेतली आणि पुढची चाकं वाळूत गेली. मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच! ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली. ट्रक तोवर निघून गेला होता. मोबाइलला रेंज नाही. गाडीत सासूबाई, त्यांना मधुमेह. नऊ वर्षांची लेक. आणि पाणी उरलेलं दीड बाटली.

दीड तासाने दोन मेंढपाळ आले. त्यांनी हातांनी वाळू उपसली, चाकांखाली झुडपांच्या फांद्या घातल्या आणि गाडी ढकलून बाहेर काढली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. सासूबाई वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी पाणी जास्त घे गं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं!

घरात ठरलं, की चारही चाकांना जोर मिळणारी गाडी घ्यायची. हे लगेच म्हणाले, "थार! आपल्या नाशिकला बनते, आणि नावसुद्धा ह्याच वाळवंटाचं. विचार कसला करायचा?" खरं सांगायचं तर मलाही ती गाडी आवडते. दिसते कशी रुबाबदार! पण पैसे जमवताना मुदत ठेव मोडली तरी कमी पडत होते, आणि उरलेले माझ्या शिकवण्यांचे, सहा वर्षं साठवलेले. मग मी म्हटलं, "अहो, पैसे माझेही आहेत आणि चालवणारही मीच आहे. तेव्हा दुसरीही एक पाहू." दुसरी म्हणजे जिम्नी. ह्यांनी तोंड वाकडं केलं, पण जोधपूरला जाऊन दोन्ही पाहायला तयार झाले.

आता दोन्हींची ओळख करून देते. आज रस्त्यावर दिसते ती नवी थार २०२० साली आली. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे २०२३ मध्ये आली. १९८५ पासून आपण जी जिप्सी पाहत आलो, ती ह्याच घराण्यातली. गंमत म्हणजे दोघींची लांबी अगदी सारखी, ३९८५ मिलिमीटर. पण तेवढ्याच लांबीत संसार मात्र निरनिराळे मांडलेले!

थारला तीन दारं, जिम्नीला पाच. थारचं मोठं डिझेल इंजिन सुमारे १३० अश्वशक्तीचं आणि त्याची ओढ ३०० न्यूटन-मीटर. जिम्नीला फक्त पेट्रोल इंजिन, सुमारे १०३ अश्वशक्तीचं, आणि ओढ १३४ न्यूटन-मीटर, म्हणजे निम्म्याहूनही कमी. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच, जिम्नीचं २१०. थारची टाकी ५७ लिटरची, जिम्नीची ४० लिटरची. हे आकडे वाचून ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू निकाल लागलाच!

पण एक आकडा राहिला होता, तो वजनाचा. जिम्नी सुमारे बाराशे किलोची. थार दीड टनाहून पुष्कळ जड. चौपाटीवर टाचेची चप्पल घालून चाललं की टाच आत जाते, सपाट चपलेने तेवढी जात नाही. वाळूचं सगळं गणित ह्यात आलं. भार कमी असावा आणि तो जास्त जागेवर पसरावा. थार जड, म्हणून तिला रुंद टायर लागतात आणि ताकदीचं इंजिन लागतं. जिम्नीचे टायर अरुंद, पण अंगच हलकं. जड गाडी जोराने वाळू कापत जाते, हलकी वरून निसटून जाते. मात्र हलकीचं इंजिन लहान असल्यामुळे चढ येण्याआधीच थोडा वेग धरावा लागतो. अर्ध्या चढावर आठवण होऊन उपयोग नाही!

ताकदीपेक्षा महत्त्वाची गोष्ट दोघींतही आहे. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. त्याने आधी चारही चाकांना जोर मिळतो, आणि आणखी एका टप्प्याने गाडी हळू पण फार जोराने ओढू लागते. जाड वाळूत हाच उपयोगी पडतो. इथे एक धोक्याची सूचना. थारमध्ये २०२३ पासून फक्त मागच्या चाकांना जोर असलेला प्रकारही आला. तो स्वस्त पडतो, दिसायला तसाच. वाळूसाठी घ्यायची असेल तर दुकानदाराला "हिच्यात तो दुसरा दांडा कुठे आहे, दाखवा" असं स्पष्ट विचारा. नाही तर जरीच्या भावात नायलॉन घेतल्यासारखं व्हायचं.

मग आम्ही खरी परीक्षा घेतली. ती इंजिनाची नव्हे, सासूबाईंची! त्या सत्तरीच्या, दोन्ही गुडघे दुखरे, पाचवारी साडी. थारच्या मागच्या बाकावर जायचं तर पुढचं आसन दुमडून, पाय उचलून, वाकून आत शिरायचं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, मला गाडीत बसवायचंय की गडावर चढवायचंय?" विक्रेत्या मुलालाही हसू आवरेना. पुढे बसवावं तर लेक आणि हे मागे, आणि दर थांब्याला तीच कसरत. जिम्नीत मागचं दार सरळ उघडलं. ती गाडीही उंचच आहे, पण वरची मूठ धरून सासूबाई स्वतःच्या स्वतः बसल्या.

थारलाही पाच दारांची थोरली बहीण आहे, २०२४ मध्ये आलेली रॉक्स. ऐसपैस आहे. पण तिच्यात चारही चाकांना जोर हवा, तर आमच्या अंथरुणाबाहेर पाय जात होते. म्हणून तो विचार सोडला.

जिम्नीची बाजू घेते म्हणून तिचे दोष झाकणार नाही. माणसं चारच बसतात. पाचवा पाहुणा आला की पंचाईत! (तशी तीन दारांची थारही चौघांचीच.) चौघं बसल्यावर मागे सामानाला २०८ लिटरची जागा, म्हणजे दोन मध्यम बॅगा आणि भाजीची पिशवी. महामार्गावर सामान भरून जाताना इंजिन धापा टाकतं, ओव्हरटेक करताना धीर धरावा लागतो. मुक्काम लांब लांब असतील, डिझेलवरच भिस्त असेल, गाडीत बहुतेक दोनच तगडी माणसं आणि पुष्कळ सामान असेल, उंच टेकड्यांवर चढायची हौस असेल, तर डोळे मिटून थार घ्या. तिच्या काही प्रकारांत मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यांत्रिक कळ असते. एक चाक हवेत राहिलं तरी दुसरं ओढतं. ती सोय मोठीच.

आमच्या घरी मात्र रोज चालवणारी मी, रोज बसणारी लेक, आणि महिन्यातून एकदा बसणाऱ्या सासूबाई. आम्हांला टेकड्या जिंकायच्या नव्हत्या. रस्त्यावर आलेली वाळू ओलांडून घरी पोचायचं होतं. जिम्नी अठरा-एक सेंटिमीटर अरुंद, गावातल्या गल्ल्यांत मला ती सहज वळवता येते. आम्ही जिम्नी घेतली. हे चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी आपणहून टायरची हवा तपासताना दिसले, तेव्हा मी समजले, की राग गेला!

आता सर्वांत महत्त्वाचं. गाडी कोणतीही घ्या, वाळूत चालवण्याची रीत शिकल्यावाचून ती रुततेच. मी शेजारच्या एका अनुभवी चालकाकडून शिकले, ते थोडक्यात देते.

वाळूत शिरण्यापूर्वी थांबून टायरची हवा कमी करायची. साधारण १५ ते १८ पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर पसरतो, टाचेच्या चपलेची सपाट चप्पल होते. त्याहून फार खाली नेली तर वळताना टायर रिंगमधून निसटण्याची भीती. डांबरावर परत येताच हवा पुन्हा भरायची. कमी हवेवर वेगाने गेल्यास टायर तापून फुटतो. म्हणून हवा मोजायचं मीटर आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप ह्या दोन वस्तू पोळपाट-लाटण्याइतक्याच जरुरीच्या.

वाळूत करकचून ब्रेक लावू नये. चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि पुन्हा निघताना तोच आडवा येतो. ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप थांबू द्यावी, शक्यतो उताराकडे तोंड करून. टेकडीवर सरळ चढावं आणि सरळ उतरावं. तिरपी गेलात तर गाडी कलंडते. आणि रुतलात तर माझ्यासारखं करू नका. पाय काढा. खाली उतरा. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू फावड्याने काढा, हवा आणखी थोडी कमी करा, आणि आलात त्याच चाकोरीतून हळूच मागे या. दुसऱ्या गाडीने ओढायचं असेल तर दोराजवळ कोणीही उभं राहू नये; मुलांना तर लांबच ठेवा.

पाणी माणशी पाच लिटर, मग प्रवास तासाभराचा का असेना. मधुमेही माणूस बरोबर असेल तर बिस्किटं आणि साखर. निघताना घरी किंवा शेजारी वेळ सांगून निघावं. टेकड्यांवर एकटी गाडी कधीही नेऊ नये, दोन हव्यात.

तुमच्यापैकी कितीतरी जणी दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला येतात, समच्या टेकड्यांवर जीपची चक्कर मारतात. चालकाला सांगा, की ठरलेल्या वाटेनेच ने. इथल्या राष्ट्रीय मरुउद्यानात आपला माळढोक राहतो. आपल्या सोलापूरकडच्या माळांवर तो आता दिसेनासा झाला आहे. तो जमिनीवर उघड्यावर एकच अंडं घालतो, आणि गवतातून मोकाट हाकलेली गाडी ते पाहत नाही.

परवा मी पुन्हा त्याच रस्त्याने दवाखान्यातून येत होते. वाळूचा पट्टा आडवा आला. मी थांबले, दांडा ओढला, हळूच पार झाले. सासूबाईंनी मागून विचारलं, "झालं का गं?" म्हटलं, "झालं, आई." मागच्या बाजूला वीस लिटर पाण्याचा कॅन होता. तो त्यांनीच निघताना आठवणीने भरून घेतला होता.

तुमच्या घरी गाडी नसेल, वाळवंटही नसेल. पण मोठी वस्तू घेताना एवढं नक्की विचारा : रोज वापरणार कोण? मग तिला आधी बसवून पाहा, आणि आकडे त्यानंतर वाचा.