पोराच्या हातातला फोन आणि बियाण्याची पिशवी



मृगाच्या तोंडावर गावोगाव एक नवी रीत पडली आहे. बाप म्हणतो, "यंदा कोणतं वाण घ्यावं, जरा मोबाईलवर बघ रे," आणि आठवीतले पोर दोन मिनिटांत नाव सांगून मोकळे होते. दुकानदाराच्या भरवशावर राहण्यापेक्षा हे बरे, असे आपल्याला वाटते. पण पोराने जे वाचून दाखवले ते कोणी लिहिले आणि त्याचे पैसे कोणी मोजले, हे पोरालाही ठाऊक नसते आणि बापालाही. कोरडवाहू शेतात बियाणे चुकले तर वर्ष जाते. म्हणून हा विषय मास्तरांवर सोडून देता येणार नाही.

फोनमधला व्यवहार आपल्याला समजायला अवघड नाही. तो बाजार समितीतल्या लिलावासारखाच आहे. तिथे ज्वारीच्या ढिगावर व्यापारी बोली लावतात. इथे पोराने 'कापूस बियाणे' हे शब्द टाकले की त्या शब्दांवर जाहिरातदारांची बोली लागते, तीही डोळ्याचे पाते लवते तेवढ्या वेळात. गूगलने जाहिरातींचा हा धंदा २००० साली सुरू केला. बोली किती आणि जाहिरात लोकांच्या किती कामाची, याचा हिशोब करून कोण वर दिसणार हे यंत्र ठरवते. पोराने बोट लावले की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे कापले जातात. वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असे लिहिलेले असते; ते कोणी वाचत नाही. बाजार समितीत ढिगाचे पैसे, कमी का होईना, ढिगाच्या मालकाला मिळतात. इथे ढीग म्हणजे आपल्या पोराची नजर, आणि पैसे तिसराच घेऊन जातो.

ही तरी उघड जाहिरात झाली. बातमीचे सोंग घेऊन येते ती जास्त घातक, आणि तिचा अनुभव आपल्याच मुलखाने घेतला आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये एका मोठ्या इंग्रजी दैनिकात यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांबद्दल पानभर मजकूर आला. बीटी कापसाने गावे सुखी झाली, तिथे एकही आत्महत्या नाही, असा त्याचा सूर होता. पत्रकारांच्या दौऱ्याची व्यवस्था बियाणे कंपनीने केली होती. तोच मजकूर ऑगस्ट २०११ मध्ये पुन्हा छापून आला, या वेळी जाहिरात म्हणून, आणि तसे सांगणारी अक्षरे बारीक. मार्च २०१२ मध्ये संसदेची कृषी समिती भांबराज्याला आली तेव्हा गावकऱ्यांनी तिला सांगितले की आमच्या गावात १४ आत्महत्या झाल्या आहेत. पी. साईनाथ यांनी मे २०१२ मध्ये 'द हिंदू'त हे सगळे मांडले. बीटी चांगले की वाईट हा वाद वेगळा, तो आपण दुसऱ्या बैठकीत घालू. बातमी आणि जाहिरात यांच्यातला बांध कसा कोरला जातो, एवढेच इथे पाहायचे आहे.

आपली पोरे अडाणी म्हणून फसतात असेही कोणी समजू नये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१६ साली तिथल्या शाळकरी मुलांची परीक्षा घेतली. 'प्रायोजित मजकूर' असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना खरी बातमी वाटली.

मग पोरांना शिकवायचे काय? पहिली गोष्ट, जे पान समोर आले त्याच पानावर खरेखोटे शोधत बसू नये. तिथून बाहेर पडून, त्या कंपनीबद्दल आणि त्या वाणाबद्दल दुसरे कोण काय म्हणते ते पाहावे. सरकारी माहिती हवी तर पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते बघावे. हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी फाईल तर उघडूच नये, तिने बँक खाती रिकामी केली आहेत. भाव असाच ताडून पाहता येतो. बीजी-२ कापसाच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने २०२५-२६ साठी ९०१ रुपये ठरवली होती. 'खास वाण' म्हणून त्याहून जास्त मागणारी जाहिरात त्या हंगामात पोराने एका मिनिटात पकडली असती.

व्हिडिओंचे प्रकरण अधिक नाजूक. बोंडांनी लगडलेल्या झाडाशेजारी उभा राहून आपल्यासारखाच माणूस आपल्याच बोलीत बोलतो, तेव्हा विश्वास बसतो. पोराने विचारावे: जमीन भारी की हलकी? ठिबक आहे की आभाळाचे पाणी? सगळ्या शेताचा उतारा सांगतो की एकाच झाडाची बोंडे मोजतो? आणि बोलायचे पैसे घेतले का? पैसे घेऊन शिफारस करणाऱ्याने तसे उघड सांगितले पाहिजे, असा सरकारी नियम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. तक्रारीचा क्रमांक १९१५.

(आणि फोन पोराच्याच हातात का? ज्वारीची कणसे निवडून बी राखायचे काम पिढ्यानपिढ्या घरच्या बायकांनी केले. पोरीलाही बसवा.)

केरळात कन्नूर जिल्ह्याने २०१८ मध्ये सुमारे १५० सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखण्याचे वर्ग घेतले. जिल्हाधिकाऱ्याने मनावर घेतले, एवढेच भांडवल. आपल्या शाळा व्यवस्थापन समित्यांत आपलेच लोक बसतात. त्यांनी खरिपाआधी आठवड्याला एक तास मागून घ्यावा. फळ्याऐवजी बियाण्याची रिकामी पिशवी पुढे ठेवावी: लॉट नंबर कुठे, चाचणीची तारीख कोणती, उगवण किती टक्के लिहिली आहे. संकरित कापसाला ती किमान ७५ लागते. मग त्याच वाणाची फोनवरची जाहिरात उघडून यातले काय काय सांगितले आणि काय गाळले ते पोरांनीच मांडावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने अशा पाच जाहिराती आणि पाच पिशव्या घेऊन यावे. सोबत पोरे आणावीत. जेवणाआधीचा तास त्यांना दिला आहे. त्या वेळात पुढाऱ्यांची भाषणे होणार नाहीत.