बीईआर ठरवायचं कोणी?

वाराणसी छावणीत बदली होऊन आलो, त्याला आता सव्वा वर्ष झालं. मी क्लार्क, म्हणजे पलटणीच्या भाषेत बाबू. गेल्या महिन्यात स्टोअरची मोजणी माझ्या गळ्यात पडली. मागच्या खोलीत 11 जुने सीआरटी मॉनिटर, पाठीला कुबड आलेले. शेजारी 14 एलसीडी, ताटांसारखे एकावर एक रचलेले. सगळ्यांवर खडूने एकच शब्द: बीईआर. फौजेत राहिलेल्यांना अर्थ सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: दुरुस्ती परवडत नाही, मोडीत काढा.

हे फोनवर सांगितलं तेव्हा एक निवृत्त सुभेदार साहेब म्हणाले, "जुनं ते सोनं. आमचे डबे पंधरा-पंधरा वर्षं चालले. तुमचे हे पापड पाच वर्षांत मोडले."

साहेब, मान राखून सांगतो, हे अर्धंच खरं आहे. डब्याचा काळा रंग खरोखर काळा होता. कुठूनही बघा, चित्र तेच. रिझोल्यूशन बदललं तरी अक्षरं फाटत नसत. 17 इंची एलसीडी 1280 बाय 1024 वरच नीट दिसतो, खाली आणला की अक्षरं धुरकट होतात. पण तोच 17 इंची डबा पंधरा किलोच्या वर भरायचा, 70-80 वॅट वीज खायचा. एलसीडीचं काम त्याच्या निम्म्यात होतं. बनारसच्या जूनमध्ये वीज गेली की यूपीएसवर कोण जास्त टिकतं, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. 60 हर्ट्झवर लुकलुकणाऱ्या पडद्यापुढे रात्रभर नॉमिनल रोल टाइप करून डोकं किती ठणकायचं, हेही विसरू नका. शिपाई खोलीत सपाट पडदा आला, ते बरंच झालं.

मग माझं भांडण कुणाशी आहे? त्या खडूशी.

डबा बिघडला की आपण मिस्त्री बोलवायचो. तो फ्लायबॅक बदलायचा, सोल्डर मारायचा, डबा पुन्हा चालू. एलसीडी बिघडला की आपण न उघडताच म्हणतो, "याचं काही होत नाही." हे कुणी तपासलं? मी साहेबांची परवानगी घेऊन एक एलसीडी लहुराबीरकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेला. त्याने मागचं झाकण काढलं, बोट ठेवलं आणि हसला: "पैनल ठीक हौ साहब, खाली कैपसिटर फूलल हौ." पॉवर सप्लायचे तीन कपॅसिटर डोक्यावर फुगले होते. मजुरी धरून 300 रुपये. असे 14 पैकी 9 जिवंत झाले. उरलेल्या 5 चं पॅनेलच फुटलेलं आहे. ते मात्र खरे बीईआर, कारण पॅनेलची किंमत जवळजवळ नव्या मॉनिटरइतकी.

म्हणजे 9 मॉनिटर आपण कागदावर मारले होते.

आणि बीईआरच्या हिशोबात दुसरी बाजू कधी लिहिलीच जात नाही. मोडीत काढलेली वस्तू जाते कुठे? डब्याच्या काचेत क्ष-किरण अडवायला शिसं घातलेलं असतं, एका मॉनिटरमध्ये किलोच्या आसपास. साध्या भंगारवाल्याला काचेत रस नाही. त्याला मानेवरच्या कॉइलमधलं तांबं हवं. हातोडीने मान मोडायची, तांबं काढायचं, काच टाकायची. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये अशी तोडफोड उघड्या हातांनी चालते, हे वर्षानुवर्षं छापून आलं आहे. जुने एलसीडीही सोवळे नाहीत. एलईडी येण्याआधीच्या पडद्यांमागे पारा असलेल्या बारीक ट्यूब असतात. इथे वरुणा नदी छावणीपासून फार लांब नाही. शिसं एकदा मातीत गेलं की त्याला कुठलं बीईआर लावणार?

ई-कचऱ्याचे नियम देशात 1 मे 2012 पासून लागू आहेत, आणि सुधारलेले नवे 1 एप्रिल 2023 पासून. मोठ्या ग्राहकांनी असा माल नोंदणीकृत माणसाकडेच द्यायचा, हे त्यात स्पष्ट आहे. तरी लिलावाच्या कागदावर आपण लिहितो "भंगार, मिश्र" आणि सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला देऊन हात झटकतो. काशीत मेलेल्या माणसाला कुठे न्यायचं, हे रस्त्यावरचं पोरसुद्धा सांगेल. मेलेला मॉनिटर कुठे न्यायचा, हे मी चार टेबलांवर विचारलं. चारही ठिकाणी उत्तर एकच, "लिलावात टाका."

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी बरेच जण आज बँकेत, सोसायटीत, शाळेत सुरक्षा नाहीतर स्टोअर सांभाळता. दोनच गोष्टी करा. बीईआर लिहिण्याआधी झाकण उघडून घ्या. आणि खरंच मेलं असेल, तर नेणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा.

माझ्या मोजणीच्या कागदावर 9 पुढे "चालू" लिहिलं, 5 पुढे "बीईआर". त्या 11 डब्यांपुढे लिहिलं, "नोंदणीकृत रिसायकलर मिळेपर्यंत स्टोअरमध्येच." हेड क्लार्क साहेब म्हणाले, जागा अडते. अडू दे. सही माझी आहे.

जय हिंद.