हिऱ्याचा हिशेब

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आगीचा गोळा फेकायचा, तर जादूगाराजवळ वटवाघळाची विष्ठा आणि गंधक हवं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला. मंत्रांना लागणाऱ्या साहित्याचे तपशील १९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये गायगॅक्सने दिले, आणि त्यात त्याचा मिश्कीलपणा लपत नाही. अशा विष्ठेतून सोरा मिळतो. सोरा आणि गंधक म्हणजे बंदुकीच्या दारूतले दोन घटक. वीज पाडायला लव असलेलं कातडं आणि अंबर किंवा काचेची कांडी लागते. दोन्ही एकमेकांवर घासा, स्थिर विद्युत तयार!

असल्या चिल्लर वस्तूंची मोजदाद मात्र खेळाडूंना जाचक वाटते. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत त्यांच्याऐवजी साहित्याची थैली किंवा जादूची छडी चालते. सूट नाही ती किंमत नमूद केलेल्या वस्तूंना. मेलेल्या सोबत्याला परत आणणाऱ्या एका मंत्राला किमान ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो, आणि मंत्रासरशी तो नष्ट होतो.

या अंकाचा विषय हेच साहित्य. आमचं मत स्पष्ट आहे: मरण फुकटात परतवता आलं, तर खेळातल्या धाडसाला अर्थ उरत नाही. म्हणून खेळ चालवणाऱ्यांना एकच विनंती. गंधकाचा हिशेब खुशाल सोडा, हिऱ्याचा सोडू नका.