न दिसणाऱ्या डब्यात काटकसर नको

मैत्रिणींनो, लोणी देवकरसारख्या गावात पिठाची गिरणी सुरू झाली की घरातला दिवा मिणमिणतो. मुलाला गेमसाठी कॉम्प्युटर घेताना हे विसरू नका. २३० व्होल्टची वीज यंत्राला सोसेल अशी करून देतो तो पॉवर सप्लायचा डबा. तोच हलका निघाला, तर महागडे ग्राफिक्स कार्डही जळू शकते. हिशेब सोपा: कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १२५, बाकीचे ७५, झाले ४००. डबा ५५०चा घ्यावा. ‘८० प्लस’ हा शिक्का वीजबचतीचा, टिकाऊपणाचा नव्हे. म्हणून वॉरंटी ५ वर्षांची मागा. आणि हो, घरातले अर्थिंग आधी तपासून घ्या बरं का!