जागा जाईल म्हणून पाणी न पिणारी मुले



विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की माझ्या दवाखान्यात ठरावीक तक्रारी घेऊन मुले येऊ लागतात. डोके जड, ॲसिडिटी, मान आखडलेली, डोळ्यांची आग. मागच्या परीक्षेच्या वेळी एकवीस वर्षांची एक मुलगी आली. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखत होते. तपासून झाल्यावर मी विचारले, "दिवसभरात पाणी किती पितेस?"

"डॉक्टर, पाणी प्यायले की उठावे लागते. उठले की जागा जाते. सकाळी साडेसहाला रांग लावून जागा धरते मी."

दोन दिवसांनी तिचा पेपर होता. तो तिने अंगात ताप असतानाच दिला.

आपण लगेच म्हणतो, "आजकालची मुले तब्येतीकडे लक्षच देत नाहीत." मला हे पटत नाही. वसतिगृहात एका खोलीत चौघे, घरी एकाच खोलीत टीव्ही आणि स्वयंपाक. अशा मुलांसाठी ग्रंथालयातले टेबल हीच एकमेव शांत जागा असते. ते टेबल सांभाळण्यासाठी ती शरीराला गप्प बसवतात. म्हणून माझे मत असे, की अभ्यासिकेत जागा अडवणे हा फक्त शिस्तीचा प्रश्न नाही, तो आरोग्याचाही प्रश्न आहे.

शरीरात नेमके काय होते?

पाणी कमी प्यायले आणि लघवी वारंवार अडवून ठेवली, की मूत्राशयात शिरलेले जंतू वेळेवर बाहेर टाकले जात नाहीत आणि तिथे वाढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने त्यांना हा धोका जास्त. जळजळीसोबत थंडी-ताप आणि पाठीत दुखणे असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अशा वेळी "पेपर झाल्यावर बघू" म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

दुसरा प्रश्न झोपेचा. परीक्षेच्या काळात अनेक ग्रंथालये रात्रभर उघडी असतात. या सोयीला माझा विरोध नाही, पण उघडे आहे म्हणून रात्रभर बसायलाच हवे असेही नाही. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसवण्याचे मोठे काम झोपेत होते. तरुणांना 7 ते 9 तास झोप लागते. सलग 17 तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते, हे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले आहे. अशा अवस्थेत पहाटे तीनला वाचलेले प्रकरण पेपरात आठवत नाही, त्यात नवल काय? कॉफीतल्या कॅफिनपैकी सुमारे निम्मे पाच तासांनंतरही शरीरात उरते. त्यामुळे रात्री दहाची कॉफी पहाटेपर्यंत झोप बिघडवू शकते.

ग्रंथालयांनी काय करावे?

- टेबलावर नुसती बॅग ठेवून जागा धरण्याची पद्धत बंद करावी आणि टोकन द्यावे.
- टोकनवर अर्धा तास सुट्टीचा हक्क असावा. तेवढ्या वेळात जागा कोणी घेणार नाही. त्यापेक्षा उशीर झाला तर जागा पुढच्याला.
- पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, रात्रीसुद्धा उघडे असावे.
- खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बंद, कोंदट खोलीत झोप येते आणि एकाचा सर्दी-खोकला दहा जणांना होतो.

यातल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही, लागतो तो एक नियम आणि तो पाळून घेणारा माणूस.

आणि तुम्ही?

- मित्रासाठी वही टाकून जागा अडवू नका. त्या रिकाम्या खुर्चीसाठी कुणीतरी दारात उभे आहे.
- शेजारचा उठून गेला तर "तू ये जाऊन, मी बघतो" एवढे म्हणा. हे पाच शब्द माझ्या गोळ्यांपेक्षा स्वस्त आहेत.
- दर 45 मिनिटांनी उठा, पाणी प्या, थोडे चाला, लांबवर नजर टाका.
- ताप-खोकला असेल तर घरी थांबा. येणे भागच असेल तर मास्क लावा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.
- फोनवर बोलायचे असेल तर बाहेर जा. तेवढेच पाय मोकळे होतील.
- पेपरच्या आदल्या रात्री पुस्तक मिटा आणि झोपा.

पालकांनाही एक विनंती. "किती वाजेपर्यंत बसलास?" हा प्रश्न रोज विचारता, त्यासोबत "किती तास झोपलास?" हेही विचारा.

ती मुलगी औषधाने बरी झाली. पेपरचा निकाल मी तिला विचारला नाही. पण तिच्या शेजारी बसणाऱ्या कोणी "जा, मी जागा बघते" असे म्हटले असते, तर तिला माझ्याकडे यावेच लागले नसते, असे मला अजूनही वाटते.

परीक्षेसाठी शुभेच्छा. आणि हे वाचून झाले असेल तर उठा, एक ग्लास पाणी प्या.